यादीत नाव घातले म्हणून समता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेन्मार्कमध्ये १ जुलै २०२५ नंतर अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलींची नावेही मुलांच्या बरोबरीने सक्तीच्या लष्करी सेवेच्या सोडतीत जाऊ लागली. ती बातमी आल्यापासून आपल्याकडे सभांत, समाजमाध्यमांवर आणि वाचकांच्या पत्रांतही एक मुद्दा सारखा मांडला जातो. समान हक्क मागता, तर मुलींनाही सक्ती करा. नाहीतर समतेची भाषा सोडा. ऐकायला हे सडेतोड वाटते. पण हा मुद्दा ज्या देशांना लागू पडतो ते देश वेगळे, आपण वेगळे. शिवाय ज्यांनी खरोखरच मुलींना सक्ती केली, त्यांना त्यासाठी काय काय करावे लागले याची त्यात दखलच नाही. म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

भारतात लष्करी सेवेची सक्ती पुरुषांवरही नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाखांचे भारतीय सैन्य उभे राहिले, तेही स्वेच्छाभरतीवर. सक्तीच्या त्यातल्या त्यात जवळ आपण गेलो ते चीनशी झालेल्या युद्धानंतर. १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. राज्यघटनेने मात्र सक्तीचे दार बंद केलेले नाही. अनुच्छेद २३ च्या दुसऱ्या खंडानुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येते. अट एवढीच, की ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. या चारांत लिंगाचा उल्लेख नाही. तो भेदभावाला मनाई करणाऱ्या अनुच्छेद १५ मध्ये आहे. उद्या संसदेने फक्त मुलांसाठी सक्तीचा कायदा केलाच, तर या दोन अनुच्छेदांचा मेळ कसा लावायचा हे सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागेल.

आजची स्थिती तर उलटीच आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे कलम १२ सांगते, की केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा खुल्या करील तेवढ्या सोडल्या तर कोणतीही स्त्री नियमित सेनेत भरतीस किंवा नोकरीस पात्र नाही. म्हणजे बाईमाणसाला कुणी सक्तीतून सूट दिलेली नाही. स्वतःहून येणाऱ्या बाईला कायद्याने दारात अडवले आहे. १९९२ च्या अधिसूचनेने काही शाखांत शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरते अधिकारीपद मिळाले. परमनंट कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नेमणुकीसाठी, विधी आणि शिक्षण शाखा सोडल्या तर सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालापर्यंत थांबावे लागले, आणि त्या खटल्यात सरकारतर्फे असेही सांगण्यात आले की ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व मानायला मनाने तयार नाहीत. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा मुलींना खुली झाली ती १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने. तयारीला वेळ हवा, पहिली परीक्षा मे २०२२ मध्ये घेऊ, असे सरकारने म्हटले; न्यायालयाने ते मान्य केले नाही. १४ नोव्हेंबर २०२१ ला मुली परीक्षेला बसल्या आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानावरून १७ मुली मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. ज्यांना आत येण्यासाठी न्यायालयात जावे लागले, त्यांनाच ‘तुम्ही जबाबदारी टाळता’ असे सुनावणे अन्यायाचे आहे.

आता ज्या देशांत सक्ती आहे त्यांच्याकडे वळू. तिथे हा प्रश्न खरा आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे. जिथे सक्ती आहे तिथे ती फक्त मुलग्यांवर असणे हा भेदभाव आहे, मुलग्यांवरही आणि मुलींवरही. मुलग्याच्या आयुष्यातले वर्ष जाते. मुलीच्या वाट्याला ‘तू राखली जाणारी, राखणारी नव्हेस’ हा शिक्का येतो. पण हा भेद मिटवायचा तर कायद्यातला ‘पुरुष’ हा शब्द खोडून ‘व्यक्ती’ लिहिणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम आहे. नॉर्वेने ते त्याच क्रमाने केले, म्हणून तिथला अनुभव नीट पाहण्यासारखा आहे.

नॉर्वेने १९८५ मध्येच पाणबुडीसह लढाऊ दलातली सर्व पदे स्त्रियांना खुली केली. १९९५ मध्ये सोल्वाइग क्राय ही जगातली पहिली स्त्री पाणबुडी-कप्तान त्याच देशात झाली. २०१० पासून मुलींना निवडचाचणीला हजर राहणे बंधनकारक झाले, पण सेवा ऐच्छिकच राहिली. स्त्रियांच्या मताधिकाराची शताब्दी होती त्या २०१३ मध्ये संसदेने सेवेच्या सक्तीचा निर्णय घेतला, आणि १ जानेवारी २०१५ पासून १९९७ व त्यानंतर जन्मलेल्या मुलींना तो लागू झाला. पहिल्या मुली २०१६ च्या उन्हाळ्यात छावणीत दाखल झाल्या. सगळी पदे खुली होण्यापासून सक्तीपर्यंत तीस वर्षे लागली. आपल्याकडे पायदळ आणि रणगाडा दल स्त्रियांना अजून बंद आहे आणि लोक सक्तीच्या गप्पा मारतात.

तिथली पद्धत अशी. वयाची सतरा वर्षे होतात त्या सुमारास प्रत्येक मुलामुलीला ऑनलाइन प्रश्नावली भरावी लागते. प्रकृती, शिक्षण, व्यायाम, सेवेची इच्छा, सगळे त्यात येते. ती न भरणे हा कायद्याचा भंग आहे. एका वर्षात जन्मलेले असे सुमारे साठ हजार जण असतात. त्यांतून छाननी करून काही जणांना प्रत्यक्ष चाचणीला बोलावतात. तिथे धाव, ताकद, आकलन, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत होते. शेवटी वर्षाला आठ-दहा हजार जण छावणीत जातात आणि साधारण वर्षभर सेवा करतात. म्हणजे सहा-सात जणांत एक. जागा थोड्या आणि नावे भरपूर, त्यामुळे ज्याची अजिबात इच्छा नाही अशाला ओढून नेण्याची वेळ क्वचित येते. निवड ही मानाची गोष्ट झाली आहे.

यातच एक बारकावा आहे. कायदा दोघांना सारखाच, तरीही भरती झालेल्यांत मुलींचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिले आहे. इच्छा विचारात घेतली जाते, ताकदीची चाचणी घेतली जाते, आणि दोन्हींत मुलगे जास्त संख्येने पुढे येतात. समान बंधन म्हणजे समान संख्या नव्हे, हे नॉर्वेने मान्य केले आणि मुलींचा आकडा ठोकून बसवला नाही. मला हे योग्य वाटते. आकडा वर ठोकणे जितके चूक तितकेच तो खाली दाबणेही चूक. एनडीएत मुलींसाठी पहिल्या वेळी ३७० पैकी १९ जागा ठेवल्या होत्या, म्हणजे गुणवत्ता कितीही असो, विसावीला दार बंद. सेनेच्या विधी शाखेतही सहा जागा पुरुषांना आणि तीन स्त्रियांना अशी वाटणी होती. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली, पण कायदा त्याच वेळी स्त्री-पुरुष असा भेद न करणारा करून ठेवला. २०१७ मध्ये सक्ती परत आणावी लागली तेव्हा मुली आपोआपच त्यात आल्या. २०१८ पासून सुरुवातीला वर्षाला चार हजार जण घेतले गेले. तिथे १६ ते ७० वयाच्या प्रत्येकावर एकूण संरक्षणाची जबाबदारी आहे, त्यात रुग्णालये, अग्निशमन, वीज यांसारखी नागरी कामेही येतात. डेन्मार्कमध्ये आधी स्वेच्छेने येणारे घेतात, उरलेल्या जागांसाठी सोडत. सेवेचा काळ चार महिन्यांवरून अकरा महिन्यांवर नेला जात आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२६ पासून २००८ व पुढे जन्मलेल्या मुलग्यांना प्रश्नावली भरणे बंधनकारक केले, मुलींना ते ऐच्छिक आहे; कारण तिथल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १२अ नुसार स्त्रीला हत्यारी सेवेची सक्ती करताच येत नाही, आणि तो बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागते. स्वित्झर्लंडमध्ये स्त्री-पुरुष सर्वांना लष्करी किंवा नागरी सेवा सक्तीची करावी का, यावर ३० नोव्हेंबर २०२५ ला सार्वमत झाले आणि सुमारे ८४ टक्के मते विरोधात पडली.

कायदे झाले. खरा घोळ होतो तो भांडारात आणि कवायतीच्या मैदानावर, आणि आपल्या चर्चेत तो भाग कधीच येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये नॉर्वेच्या सैन्याला जाहीर करावे लागले की सेवा संपवून घरी जाणाऱ्यांनी मोजे, अंतर्वस्त्रे आणि ब्रा परत जमा कराव्यात. ते धुऊन, तपासून नव्या तुकडीला दिले जातील. महासाथीमुळे पुरवठा अडला होता. जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकाची ही गत. कपड्यांचे माप हा किरकोळ विषय समजला की असे होते.

पिठ्ठूचे घ्या. पाठीवरच्या ओझ्याचा मोठा भार कमरेच्या पट्ट्याने कंबरेच्या हाडावर उतरवायचा असतो. पिठ्ठूचा सांगाडा सरासरी पुरुषाच्या धडाच्या लांबीचा असेल, तर बुटक्या धडाच्या मुलीला पट्टा हाडाखाली मांडीच्या सांध्यावर येतो. मग सगळे वजन खांद्यावर. काही तासांत खांद्याजवळच्या नसा दाबल्या जातात, हाताला मुंग्या येतात, बोटांची पकड सुटते, आणि पुढे नेम चुकला की शेरा पडतो ‘मुलींना जमत नाही’. बुलेटप्रूफ जाकिटाची पुढची पट्टी लांब असेल तर बसताना ती मांडीत रुतते आणि बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत नीट बसत नाही. पोटावर झोपून नेम धरताना जाकिटाची मागची कड आणि केसांचा अंबाडा यांत हेल्मेट अडकते आणि पुढे डोळ्यांवर सरकते. अमेरिकेच्या भूदलाने २०२१ मध्ये गणवेशावर वेणी-पोनीटेलला परवानगी दिली, त्यामागे हेही एक कारण होते. बुटांचे तसेच. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान आवृत्ती नव्हे. टाच अरुंद असते. पुरुषी साच्याचा लहान नंबर दिला की टाच आत हलते, दोन-दोन मोजे घालावे लागतात, पाय घामेजतो आणि फोड येतात.

ओझ्याचे गणितही पाहा. २५ किलोचे सामान ७५ किलोच्या मुलग्याला स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश पडते आणि ५० किलोच्या मुलीला निम्मे. युद्धात दारूगोळ्याची पेटी कुणासाठी हलकी होत नाही, हे खरे. म्हणून त्या पदासाठी लागणारा निकष एकच असावा, यात सवलत नको. पण त्या निकषापर्यंत पोचवणारा रस्ताही एकच असावा, हा हट्ट महागात पडतो. त्याचे दोन अनुभव उपलब्ध आहेत आणि दोन्ही आपल्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात माहीत असायला हवेत.

ब्रिटिश भूदलाने १९९८ मध्ये मुलामुलींना एकत्र, अगदी तेच आणि तेवढेच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हाडा-स्नायूंवर सततचा ताण पडून होणाऱ्या दुखापतींमुळे सैन्य सोडावे लागलेल्या मुलींचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. मुलग्यांत ते १.५ टक्क्यांच्या खालीच राहिले. नियम समान, फळ असमान.

ऑस्ट्रेलियाच्या भूदलातही मुलींना ओटीपोटाच्या हाडाला बारीक तडे जात होते. कारण शोधले तेव्हा ते कवायतीत सापडले. उंच मुलग्यांच्या पावलाशी पाऊल जुळवायचे म्हणून बुटक्या मुली लांब ढांगा टाकत. प्रत्येक ढांगेला त्या हाडावर पीळ पडे. त्यांनी चालीचा वेग ताशी ७.५ किलोमीटरवरून ५ वर आणला, प्रत्येकाला आपापल्या लांबीचे पाऊल टाकू दिले, रांगेतले अंतर वाढवले, धावणे डांबरावरून मऊ जमिनीवर नेले आणि मध्यम पल्ल्याच्या सलग धावेऐवजी थांबत-धावत सराव ठेवला. तडे जाण्याचे प्रमाण ११.२ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यावर आले. यासाठी नवी यंत्रे लागली नाहीत, निकष खाली आणावा लागला नाही. पावलाची लांबी बदलली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये याच अंगाने विचार केला. परमनंट कमिशनसाठी स्त्री अधिकाऱ्यांना तीच शारीरिक श्रेणी लावली होती जी पुरुषांना लागते, कागदावर समान. पण पुरुषांना ती सेवेच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, तारुण्यात लावली जाई, आणि या स्त्रियांना संधीच उशिरा मिळाल्यामुळे ती चाळिशीत लावली गेली. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले.

नॉर्वेतल्या राहण्याच्या व्यवस्थेबद्दल इकडे फार कुजबुज होते, म्हणून तेही लिहितो. तिथल्या काही तुकड्यांत मुलेमुली एकाच खोलीत राहतात. उत्तरेकडच्या एका तुकडीत सहा जणांच्या खोलीत चार मुलगे आणि दोन मुली अशी रचना अभ्यासली गेली. अंघोळीची सोय स्वतंत्र, आणि सकाळची खोली-तपासणी सगळ्यांची मिळून. अभ्यासकांना आढळले ते असे की एकत्र काम आणि एकत्र स्वच्छता करताना मुलगी ही ‘परकी’ राहत नाही, सहकारी होते. पण हे सर्वत्र चालेल असे मी म्हणणार नाही. ज्या छावणीत तक्रार करायला आपल्याच वरिष्ठाकडे जावे लागते, तिथे ही खोली धोक्याची आहे. जर्मनीत संसदेने नेमलेला लष्करी आयुक्त असतो. साधा सैनिकसुद्धा वरिष्ठांना वगळून त्याला थेट पत्र लिहू शकतो. नॉर्वेचे सैन्य ठरावीक काळाने छळाबाबत स्वतःचे सर्वेक्षण करते आणि त्यातले अप्रिय आकडेही प्रसिद्ध करते. छळ तिथेही संपलेला नाही. तो मोजला जातो, एवढा फरक आहे, आणि तो मोठा आहे.

सक्तीत स्त्री-पुरुष समान असले म्हणजे भागले असे मानणाऱ्यांनी आफ्रिकेतला एरिट्रिया पाहावा. १९९५ च्या फर्मानाने तिथे दोघांनाही अठरा महिन्यांची सेवा सक्तीची झाली. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध पेटल्यापासून ती अमर्याद लांबत गेली. बारावीचे वर्ष सावाच्या लष्करी छावणीत काढावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये या सेवेला गुलामगिरीचे रूप आल्याचे म्हटले आणि छावण्यांतल्या लैंगिक अत्याचारांची नोंद केली. तिथे मुलगा-मुलगी दोघांनाही सक्ती आहे. ती किती काळ, कुणाच्या देखरेखीखाली, कुठल्या कायद्याने हे विचारल्याशिवाय ‘समान’ या शब्दाला काही वजन उरत नाही. इस्रायलमध्येही १९४९ पासून दोघांना सक्ती आहे, पण पुरुषांना अडीच वर्षांहून अधिक आणि स्त्रियांना दोन वर्षे. विवाह, मातृत्व आणि धर्मश्रद्धा यांवर स्त्रीला सूट. वैमानिकाच्या परीक्षेला बसू द्यावे म्हणून १९९५ मध्ये एका तरुणीला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. सक्ती होती, पण पदे बंद होती.

दक्षिण कोरियाचे प्रकरण मला सर्वांत बोधक वाटते. तिथे सक्ती फक्त पुरुषांना आहे, भूदलात अठरा महिने. त्याची भरपाई म्हणून सरकारी नोकरीच्या परीक्षेत सेवा केलेल्यांना ३ ते ५ टक्के जादा गुण मिळत. चुरशीच्या परीक्षेत एवढ्या गुणांनी निवडयादी उलटीपालटी होते. डिसेंबर १९९९ मध्ये घटना न्यायालयाने ते गुण रद्द केले, कारण त्याचा भुर्दंड ज्यांना सेवा करायची संधीच नाही अशा स्त्रिया आणि अपंगांना बसत होता. पण मुलग्यांचा सेवेत गेलेला काळ तसाच राहिला. त्याला पगार, शिक्षण किंवा निवृत्तिवेतन अशी दुसरी भरपाई पुरेशी मिळाली नाही, असा त्यांचा राग आहे. पुरुषांनाच सक्ती ठेवणे घटनेला धरून आहे असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. तरुण मुलगे आणि मुली एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहू लागल्या आहेत. सेवेचा मोबदला सेवेतच, रोख आणि पूर्ण द्यावा. तो दुसऱ्याच्या संधीतून कापून देऊ नये.

हे आपल्यापासून लांब नाही. अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात आणि बाकीचे बाहेर पडतात. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा राखण्याचे जून २०२२ मध्येच जाहीर झाले. सामाजिकदृष्ट्या ते गरजेचे आहे. पण भूदलात अग्निवीर मुलींना मुख्यतः लष्करी पोलीस दलच खुले. नौदलाच्या पहिल्या तुकडीत आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेल्या २,५८५ जणांत मुली होत्या २७३. दार अरुंद ठेवायचे आणि त्या दारातून आलेल्यांना पुढच्या नोकऱ्यांत राखीव जागा द्यायच्या, याचा अर्थ पुढच्या जागांतही मुलग्यांचेच प्रमाण वाढणार. कोरियातला पेच आपण सक्ती न करताच ओढवून घेऊ शकतो. अग्निवीरांच्या राखीव जागांत स्त्रियांचा समांतर वाटा किती आणि त्या भरणार कुठून, हे सरकारने आत्ताच सांगायला हवे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना इथेच देतो, कारण त्यांच्या घरात हा प्रश्न पुस्तकी नसतो. सिंगापूरमध्ये आईवडिलांच्या जोरावर कायम रहिवासी झालेल्या मुलग्याला दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा करावी लागते, मुलीला नाही. सेवा न करता रहिवास सोडला तर पुढे तिथे शिक्षण-नोकरीसाठी परतताना ते आड येते. कायम रहिवासाचा अर्ज मुलाच्या नावे करण्याआधी हे घरात बसून बोलावे. अमेरिकेत ग्रीनकार्डधारक किंवा नागरिक असलेल्या १८ ते २५ वयाच्या मुलग्यांची सैन्यनोंदणी कायद्याने आवश्यक आहे, मुलींची नाही. नोंद नसल्याचे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी विचारले जाऊ शकते. शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना व्हिसा वैध असेपर्यंत ती लागू नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फक्त पुरुषांची नोंदणी योग्य ठरवली ती स्त्रिया लढाऊ पदांवर नाहीत या कारणावर. २०१५ च्या अखेरीस तिथे सर्व पदे खुली झाली, कारण उरले नाही, नियम उरला.

शेवटी महाराष्ट्रातल्या मुलींबद्दल. सातारा, सांगली, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात पोलीस आणि सैन्यभरतीच्या अकॅडम्या गावोगाव झाल्या आहेत आणि पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. राज्य सरकारने २०२३ मध्ये मुलींसाठी नाशिकला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली, हे चांगले पाऊल आहे. पोलीसभरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलग्यांना १६०० मीटर, गोळा मुलींना ४ किलोचा आणि मुलग्यांना ७.२६ किलोचा, अग्निवीर भरतीत मात्र मुलींनाही १.६ किलोमीटर. पोलीसभरतीचा सराव केलेली मुलगी ऐनवेळी सैन्यभरतीचा अर्ज भरते आणि महिनाभरात अंतर दुप्पट करते. हाड मोडते ते इथे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. त्यामुळे अकॅडमीत नाव घालताना सर्वांत आधी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरी सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आणि आहार, वेगाचा सराव नंतर. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू, दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे. शक्य तिथे शेताची पायवाट किंवा शाळेचे मातीचे मैदान वापरावे. वजन कमी करण्यासाठी भाकरी तोडणे सर्वांत घातक. जेवण कमी आणि धाव जास्त झाली की आधी पाळी लांबते, मग थांबते, आणि हाड ठिसूळ व्हायला लागते. पाळी तीन महिने आली नाही तर ‘बरे झाले, सरावात अडथळा नाही’ असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचे ऐकू नये, डॉक्टरकडे जावे. नडगीच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, आणि धावताना वाढून विश्रांतीने कमी होत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करावे. अशा तड्याचा साधा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे बहुधा स्वच्छच येतो. तो दाखवून ‘काही नाही, धाव’ असे कुणी म्हटले तरी कळ जाईपर्यंत सराव सायकलवर किंवा पाण्यात करावा आणि गरज पडली तर एमआरआय करून घ्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे